घाट उतरताना जयणा
वेगवान गाडीचे ब्रेक पॅड बदलताना काय पाहावे?

माघ महिन्यातील एक पहाट अजूनही डोळ्यांपुढून हलत नाही. पुण्यातील लग्नकार्य आटोपून आम्ही कर्जतकडे परतत होतो. भाच्याने आदल्या वर्षी मोठ्या हौसेने घेतलेली जर्मन बनावटीची गाडी होती. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, पाच माणसे आणि मागे बॅगांबरोबर आहेराची खोकी. द्रुतगती मार्गावरील अवजड वाहनांची रांग टाळावी म्हणून खंडाळा सोडल्यावर त्याने जुन्या बोरघाटाची वाट धरली. शिंग्रोबाच्या देवळापाशी प्रथेप्रमाणे आम्ही हात जोडले. पुढच्या दोन वळणांतच गाडीत उग्र, जळकट वास येऊ लागला. मी विचारले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या ट्रकचा असेल." पुढे ट्रक नव्हता.

खोपोली जवळ आली असताना एका वळणापलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेने, चार साध्वीजी भगवंत उतरणीवरून चालत होत्या. त्यांपैकी एका वयोवृद्ध साध्वीजींना चाकाच्या खुर्चीतून नेले जात होते. पुढे-मागे चमकत्या पट्ट्यांची जाकिटे घातलेले विहारसेवेचे दोन तरुण होते. भाच्याने ब्रेक दाबला. पेडल पाय ठेवताच मऊ लोण्यासारखे खाली गेले आणि गाडीचा वेग जेमतेम उतरला. त्याने पुन्हा दाबले, पुन्हा दाबले, गिअर उतरवला. गाडी थांबली तेव्हा मागच्या तरुणात आणि आमच्या बोनेटमध्ये चार हातांचे अंतर उरले होते. साध्वीजींनी मागे वळून पाहिले, हात उंचावून "धर्मलाभ" म्हटले आणि त्या चालू लागल्या. आम्हा पाचजणांपैकी कोणाच्याही तोंडून बराच वेळ शब्द फुटला नाही.

त्या दिवसापासून हा विषय मी अभ्यासला. आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणे तपासली. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु आपल्या समाजातील अनेक घरांत आज वेगवान, भारी गाड्या आल्या आहेत. कर्जत-खालापूर परिसरात कोणाची शेतघरे आहेत, तर कोणाचा मुंबई-पुणे असा आठवड्याचा व्यापारी फेरा असतो. गाडीच्या रंगावर आणि आसनांच्या कातडीविरहित आवरणावर आपण जेवढी चर्चा करतो, तिच्या दहाव्या हिश्शाएवढीही ब्रेक पॅडवर करीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

साडेपाचशे मीटरचा हिशेब

प्रथम आकडे पाहू. खंडाळ्याच्या माथ्यापासून खोपोलीपर्यंत गाडी ढोबळमानाने साडेपाचशे मीटर खाली येते. माणसे व सामान धरून गाडीचे वजन 1800 किलो मानले, तर या उतरणीत सुमारे 97 लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या भाषेत हे सुमारे 2.7 युनिट झाले. आपल्या घरी रोज पाणी उकाळले जाते, त्याच्या भाषेत सांगायचे तर एवढ्या उष्णतेत साधारण 29 लिटर गार पाण्याला उकळी फुटेल.

या ऊर्जेचा काही भाग हवेच्या विरोधात जातो. गाडी योग्य गिअरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन पचवते. उरलेली सगळी उष्णता जाते ती चार चाकांमागील बिडाच्या चकत्यांत, म्हणजे डिस्कमध्ये, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या पॅडमध्ये. त्यातही पुढच्या चाकांवर दोन तृतीयांशाहून अधिक भार पडतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारी हीच गाडी एकदा पूर्ण थांबवली, तर सुमारे सात लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे केवळ ब्रेकवर विसंबून घाट उतरणे हे ताशी 100 च्या वेगातून लागोपाठ चौदा वेळा गाडी थांबवण्याजोगे आहे, आणि मध्ये डिस्क थंड व्हायला उसंत नाही.

पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर दाबून बसवलेला घर्षणद्रव्याचा थर. तंतू, धातूचे कण, ग्राफाइटसारखी वंगणद्रव्ये आणि या सर्वांना धरून ठेवणारी राळ यांचे ते मिश्रण असते. मर्यादेपलीकडे तापल्यावर राळ जळू लागते, तिचा वायू होतो आणि पॅडची पकड घटते. याला ब्रेक फेड म्हणतात. त्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही, तेव्हा दोष पॅडच्या तापण्यात असतो. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. पुनःपुन्हा पेडल मारल्यावर थोडा दाब परत येतो. आमची गाडी त्यामुळेच थांबली.

आगगाडीचा धडा

आपल्या कर्जतकरांना ही गोष्ट रेल्वेने फार पूर्वी शिकवून ठेवली आहे. बोरघाटाचा लोहमार्ग 1863 साली खुला झाला. त्यातील सर्वांत तीव्र चढ 37 फुटांत एक फूट असा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, हे आपण लहानपणापासून पाहत आलो. वडापाव खाण्याइतका तो थांबा असतो, म्हणून तो आपल्या लक्षातही राहिला. उतरणीला काय करतात, याकडे मात्र आपले लक्ष नसते. पुण्याहून येणारी गाडी घाटात मंकी हिल आणि ठाकूरवाडी येथे थांबते. तेथे कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही. गाडी ताब्यात आहे की नाही, याची परीक्षा म्हणून तो थांबा असतो. रूळ मुळातच आडमार्गाकडे, म्हणजे कॅच सायडिंगकडे वळवून ठेवलेला असतो. गाडी थांबली, तरच पुढचा मुख्य मार्ग मोकळा केला जातो. न थांबणारी गाडी त्या आडमार्गावर जाऊन अडते, खाली कर्जतच्या फलाटावर येऊन आदळत नाही.

या व्यवस्थेमागील विचार असा की, ब्रेक चांगला आहे असे गृहीत धरायचे नाही. तो चांगला असल्याचे प्रत्येक फेरीत सिद्ध करून मगच पुढे जायचे. रस्त्यावर अशी सक्तीची परीक्षा नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 साली 151 जणांचा मृत्यू झाला होता, आणि त्या वर्षापासून हा मार्ग मृत्युमुक्त करण्याचे पद्धतशीर प्रयत्न सुरू झाले. तरीही जुलै 2025 मध्ये खोपोलीजवळ उतरणीवर ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर एकामागून एक डझनाहून अधिक वाहनांवर आदळला आणि एका महिलेचा जीव गेला. तो ट्रक होता, आपली तर मोटार, असे म्हणून सुटका होत नाही. उष्णतेला दोहोंतील फरक कळत नाही.

पॅडचे चार प्रकार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वेगवान गाडीचे पॅड झिजले की मालकापुढे साधारण चार पर्याय येतात.

पहिला, गाडी कारखान्यातून आली तेव्हा होते तेच, म्हणजे कंपनीचे मूळ पॅड. जर्मन गाड्यांत ते बहुधा कमी-धातू मिश्रणाचे असतात. गार असताना आणि तापल्यावरही ते चांगले धरतात. त्यांचे दोष दोन. काळी भुकटी फार पडते, त्यामुळे चंदेरी चाके आठवड्यात काळवंडतात. शिवाय डिस्कही झिजते.

दुसरा, सिरॅमिक म्हणून विकले जाणारे पॅड. आवाज नाही, भुकटी कमी, डिस्कला सौम्य. शहरात सावकाश चालणाऱ्या गाडीला ते उत्तम. मात्र 'सिरॅमिक' हा शब्द खोक्यावर छापायला फारसे काही लागत नाही. साध्या गाडीसाठी केलेले शांत मिश्रण दोनशे अश्वशक्तींच्या गाडीला बसवून घाट उतरणे इष्ट नाही. चाके स्वच्छ राहावीत म्हणून पॅड बदलणारे पुष्कळ आहेत. भाचा त्यांपैकीच एक होता.

तिसरा, रस्त्यासाठीचे क्रीडा-पॅड, ज्यांना दुकानदार 'स्ट्रीट परफॉर्मन्स' म्हणतात. यांत धातूचे प्रमाण अधिक, उष्णता सोसण्याची क्षमता जास्त. पहिल्याच दाबाला धरणारा पॅड यांतून निवडता येतो. थोडा आवाज व थोडी अधिक झीज सोसण्याची तयारी हवी. भरल्या गाडीने वारंवार घाट चढ-उतार करणाऱ्याने मूळ पॅडच्या बरोबरीने याच प्रकाराचा विचार करावा.

चौथा, शर्यतीचे पॅड. तरुणांना याचेच आकर्षण अधिक. पाच-सहाशे अंश तापमानातही ते टिकतात, ही जाहिरात खरी असते. जाहिरातीत न येणारी गोष्ट अशी की, त्यांची पकड चांगली गरम झाल्यावरच येते. शर्यतीच्या मार्गावर दोन फेऱ्यांत ते तापतात. सकाळी सहा वाजता घरातून निघालेल्या गाडीचे पॅड गार असतात, आणि शाळेकडे निघालेले मूल पहिल्याच चौकात आडवे येते. तेव्हा शर्यतीचा पॅड साध्या पॅडहूनही कमी धरतो. त्याशिवाय तो किंचाळतो, डिस्क खातो, आणि त्याची भुकटी चाकाच्या रंगावर गंज चढवते. ज्याचा मार्ग कर्जत, चौक, खालापूर आणि खोपोली असा आहे, त्याच्यासाठी हा पॅड नव्हे.

यातून निवडीचे एकच सूत्र निघते. गाडी किती वेगाने पळू शकते हे पाहून पॅड निवडू नये. ती कोणत्या रस्त्याने, किती भार घेऊन उतरते आणि त्या रस्त्यावरून पायी कोण चालते, हे पाहून निवडावा.

पाठीवरची अक्षरे

पॅड हातात घेतला की त्याच्या पाठीवर किंवा कडेवर छापलेला मजकूर वाचावा. त्यात बहुधा दोन इंग्रजी अक्षरांची जोडी असते. पहिले अक्षर साधारण 95 ते 205 अंश सेल्सिअसमधील पकड सांगते, दुसरे अक्षर सुमारे 345 अंशांपर्यंत तापवल्यानंतरची. 'ई' म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, 'एफ' म्हणजे 0.35 ते 0.45 आणि 'जी' म्हणजे 0.45 ते 0.55. 'एफ-एफ' असा पॅड गार व गरम अशा दोन्ही स्थितींत सारखा वागतो. 'एफ-ई' असा पॅड तापल्यावर सैल पडतो, म्हणून घाटाच्या रस्त्यासाठी तो टाळावा. ही अक्षरे गुणवत्तेचा दाखला नव्हेत, केवळ पकडीची नोंद आहे. 'जी' म्हणजे पहिला वर्ग असे समजू नये. फार तीव्र पकडीने ओल्या रस्त्यावर गाडी बिचकते.

दुसरी खूण युरोपीय मान्यतेची. वर्तुळात 'ई' हे अक्षर आणि त्यापुढे देशाचा क्रमांक असतो. 1 म्हणजे जर्मनी, 3 म्हणजे इटली, 11 म्हणजे ब्रिटन. त्याच्या जवळ '90 आर' असा आरंभ असलेला मान्यता क्रमांक छापलेला असतो. या नियमाचा अर्थ असा की, बदली पॅडची कामगिरी कारखान्यातील मूळ पॅडपासून 15 टक्क्यांहून अधिक ढळता कामा नये. वेगवान गाडीतील चाक न अडकू देणारी आणि घसरण रोखणारी संगणकीय यंत्रणा मूळ पकड गृहीत धरून जुळवलेली असते. म्हणून ही खूण केवळ शोभेची नाही.

तिसरी नोंद भाग क्रमांकाची. एकाच नावाच्या गाडीत इंजिन व वर्ष यांनुसार पुढील डिस्कचा व्यास वेगळा असू शकतो. गाडीचा चासी क्रमांक सांगूनच पॅड मागवावा. "अमक्या गाडीचे द्या" एवढे पुरेसे नाही.

पॅडच्या सोबतीचे

पॅड बदलला आणि बाकी सर्व तसेच ठेवले, तर अर्धेच काम झाले. आमच्या गाडीतील खरा अपराधी ब्रेक ऑइल होते. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पाणी मिसळले की त्याचा उत्कलनांक उतरतो. डॉट 3 प्रकारचे ऑइल ताजे असताना किमान 205 अंशांवर उकळते, ओलावा शोषल्यावर 140 वर. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत, डॉट 5.1 साठी 260 आणि 180. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंतीला ओल सुटते, पापड मऊ पडतात. तीच हवा ब्रेक ऑइलच्या टाकीलाही लागते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे, गाडी कितीही कमी चालली असली तरी. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार घ्यावा. डॉट 5 हे सिलिकॉनचे असून निराळेच असते. क्रमांक मोठा म्हणून ते ओतू नये.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्या खाली गेलेली डिस्क लेथवर तासून चालत नाही. ती बदलावीच लागते. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही. निळसर डाग, बारीक भेगा किंवा ब्रेक लावताना स्टिअरिंगला बसणारे हादरे ही डिस्क थकल्याची लक्षणे. पॅड एका धुऱ्यावरील दोन्ही चाकांना एकदमच बदलावेत. नव्या पॅडचा थर बहुधा दहा-बारा मिलिमीटर असतो. तीन मिलिमीटर उरला की बदलण्याची वेळ झाली. घाटाच्या रस्त्याला मी चारवरच बदलायला सांगेन, कारण थर पातळ झाला की उष्णता पिस्टनमार्गे ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. झीज सांगणारी वायर पॅडबरोबरच नवी घालावी. कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावून घ्यावे. ज्या गाडीला विजेवर चालणारा हँडब्रेक आहे, तिचे मागचे पॅड संगणक जोडूनच काढावेत. पाना लावून पिस्टन दाबणाऱ्या कारागिराला हात लावू देऊ नये.

कच्ची पावती आणि तिसरे अणुव्रत

त्या सकाळी खोपोलीच्या गॅरेजमध्ये चाके उतरली. पुढच्या पॅडचे पृष्ठ काचेसारखे चकाकत होते आणि एकाचा कोपरा भुसभुशीत होऊन गळला होता. कारागिराने पाठ पुसून दाखवली. प्रसिद्ध कंपनीचे नाव होते, पण त्यातील एक अक्षर चुकलेले. मान्यता क्रमांक नव्हता, निर्मितीचा गट क्रमांकही नव्हता. भाच्याने आठ महिन्यांपूर्वी हे पॅड शहरातील एका ओळखीच्या दुकानातून घेतले होते. पावती कच्ची, जीएसटी नाही, किंमत जवळजवळ निम्मी. "आपलाच माणूस आहे, फसवणार नाही," असे त्याला वाटले होते.

हे लिहिताना मन जड होते, कारण मोटारीच्या सुट्या भागांच्या व्यापारात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. बँकेत असताना तारण मालाच्या तपासणीसाठी मी अशा अनेक गोदामांत गेलो. त्यांतील बहुतेक व्यापारी कसोशीने सचोटी पाळणारे होते. खोक्यावरील गट क्रमांक आणि खरेदीचे बिल जुळवून दाखवण्यात त्यांना अभिमान वाटे. पण एका ठिकाणी मला एका बाजूला रिकामी, नवीकोरी छापील खोकी रचलेली दिसली आणि दुसऱ्या बाजूला बिननावाचे पॅड. विचारल्यावर उत्तर मिळाले, "साहेब, गिऱ्हाईकच स्वस्त मागतो." मी अहवालात लिहायचे ते लिहिले. पण त्या पॅडवर विसंबून कोण कुठला घाट उतरणार आहे, हा विचार तेव्हा माझ्याही मनात आला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. माझ्या दृष्टीने तो तारणाच्या मूल्याचा प्रश्न होता.

आपल्या शास्त्रकारांनी याचा विचार केव्हाच करून ठेवला आहे. तिसऱ्या, अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत खोट्या वजनमापांच्या जोडीला 'प्रतिरूपक व्यवहार' गणला आहे. अस्सल मालाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा हलका माल देणे, असा त्याचा अर्थ. प्रतिक्रमणात आपण दर वेळी त्याची आलोचना करतो. तुपातील भेसळ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. नकली ब्रेक पॅडमध्ये मात्र तिसऱ्या व्रताबरोबर पहिलेही व्रत मोडते, कारण या भेसळीत थेट प्राणाची हिंसा दडलेली आहे. आणि अतिचार केवळ विकणाऱ्याचा नाही. चोरीचा माल स्वस्त म्हणून घेणे हाही त्याच यादीतील दुसरा अतिचार आहे. निम्म्या किमतीत मूळ पॅड मिळत असेल, तर ग्राहकानेही स्वतःला विचारावे की ते कसे परवडते.

व्यवहारात यावर उपाय साधे आहेत. पक्के बिल घ्यावे, त्यावर भाग क्रमांक लिहून घ्यावा. अधिकृत वितरकाकडून खरेदी करावी. खोक्यावरील पडताळणीची खूण कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने तपासावी. चारही पॅडवरील छपाई व गट क्रमांक जुळतात का ते पाहावे. बदललेले जुने पॅड मागून घ्यावेत. खरोखर बदलले की नाही, हे त्यावरून कळते. आयात केलेलेच पॅड चांगले, असाही ग्रह नको. आपल्या देशात ब्रेकची सामग्री बनवणारे जुने, नावाजलेले कारखाने आहेत, आणि ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा कारखाना तर पुण्याजवळ चाकणला आहे. माल कुठला यापेक्षा तो अस्सल आहे का आणि आपल्या गाडीसाठी मान्य आहे का, हे महत्त्वाचे.

बसवल्यानंतर आणि उतरताना

नवे पॅड बसवून थेट घाटात जाऊ नये. पॅडचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसावा लागतो. त्यासाठी मोकळ्या, सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी साठच्या आसपास वेगावरून दहा-पंधरापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग उतरवावा. पूर्ण थांबू नये. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्यावी. पॅडच्या कंपनीची सूचना याहून वेगळी असेल तर तीच पाळावी. पाताळगंगा औद्योगिक वसाहतीतील रस्ते रविवारी दुपारी रिकामे असतात. आम्ही तेथे हे काम केले.

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. स्वयंचलित गाडीतही गिअर हाताने उतरवण्याची सोय असते. ती अशाच वेळी वापरावी. ज्या गिअरने चढलो असतो, त्याच गिअरने उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवू नये. वळणाआधी ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि पाय काढून घ्यावा. वास आला, तर सुरक्षित जागी थांबून दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. विजेच्या गाडीने लोणावळ्यालाच बॅटरी पूर्ण भरून घेतली, तर उतरणीत ऊर्जा साठवायला जागा उरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, हेही ध्यानात असावे. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत जाणाऱ्यांनाही हेच नियम लागू आहेत. तो उतार बोरघाटाहून खडा आहे.

गाडीची ईर्यासमिती

साधू-साध्वी भगवंत ईर्यासमिती पाळतात. युगप्रमाण, म्हणजे साडेतीन-चार हात पुढची भूमी पाहत, जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने पाऊल टाकतात. त्यांची चाल अशी आहे की, चार हातांच्या आत त्यांना केव्हाही थांबता येते. जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे, हा त्या नियमाचा गाभा आहे, असे मला वाटते.

आता हेच माप गाडीला लावू. ताशी साठ किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. नंतर चांगल्या ब्रेकने थांबायला कोरड्या रस्त्यावर सुमारे 18 मीटर लागतात. एकूण 35 मीटर, म्हणजे पाऊणशे हात. हे आपल्या गाडीचे युगप्रमाण. तापून पॅडची पकड निम्मी झाली, तर तेच अंतर 50 मीटरच्या पुढे जाते. मधले जे सतरा-अठरा मीटर आहेत, त्यात त्या पहाटेची चाकाची खुर्ची होती.

घरातील आजी चूल पेटवण्याआधी सरपण झटकून घेत असे, पाणी गाळून घेत असे. ती त्याला जयणा म्हणत असे. आपल्या हातून नकळत कोणी मरू नये, यासाठी आधी केलेली तयारी म्हणजे जयणा. सरपण गेले, चूल गेली. त्यांच्या जागी दोनशे अश्वशक्तींचे इंजिन आले. मुंगी वाचवण्यासाठी जमीन पाहून चालणाऱ्या घरात ब्रेक पॅडची पाठ कोणी वाचू नये, हे बरे नव्हे.

भाच्याने शेवटी कंपनीचे मूळ पॅड, नव्या डिस्क आणि नवे डॉट 4 ऑइल घातले. क्रीडा-पॅडचा मोह त्याला होता. पण गाडी मुख्यतः शहरात चालते आणि महिन्यातून दोनदा घाट उतरते, असा हिशेब केल्यावर मूळ पॅड पुरेसे ठरले. चाके पुन्हा काळी होऊ लागली आहेत. तो ती रविवारी स्वतः पुसतो.

वाचकांना एक तारीख सुचवून थांबतो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो आणि साधू-साध्वी भगवंत पुन्हा रस्त्यावर येतात. पावसाळा नुकताच सरलेला असतो. डिस्कवर गंज असतो, ऑइलने ओलावा घेतलेला असतो. त्याच आठवड्यात घरातील प्रत्येक गाडीची चाके उतरवून पॅडची जाडी, डिस्क आणि ऑइल तपासून घ्यावे. आमच्या घरी मागील कार्तिकापासून हा नेम सुरू झाला आहे. विहारसेवेच्या पहाटेच्या फेरीतही भाचा आता नियमाने जातो. चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घालून तो साध्वीजींच्या मागे चालतो, आणि मागून गाडीचा आवाज आला की पहिल्यांदा वळून तिच्या चाकांकडे पाहतो.